‘हॅलो’ कुणी पुसलं? प्रोग्रॅमरच्या कट्ट्याची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावून भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

समजा, 2013 साल आहे. इंदापूरहून रोज एसटीनं बारामतीला येणारा, बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा सी प्रोग्रॅममध्ये अडकलाय. सेगमेंटेशन फॉल्ट. उद्या प्रॅक्टिकल आहे. तो स्टॅक ओव्हरफ्लो उघडतो आणि जमेल तशा इंग्रजीत लिहितो: हॅलो सर, मी विद्यार्थी आहे, एवढी मदत करा, आधीच थँक्यू म्हणून ठेवतो. पोस्ट करतो आणि बघतो, तर सुरुवातीचं ‘हॅलो’ गायब! थोड्या वेळानं कुणीतरी एडिट करून शेवटचं थँक्यूही उडवतं. मग प्रश्नावर शिक्का बसतो, ‘डुप्लिकेट’. हे आधीच विचारून झालंय, तिकडं जाऊन वाचा.

तो तिकडं जातो. उत्तर खरंच मिळतं. आता आभार मानावेत म्हटलं, तर दुसऱ्याच्या पोस्टखाली कॉमेंट करायला 50 रेप्युटेशन लागतं आणि याच्याकडं आहे 1. म्हणून तो उत्तराच्या चौकटीतच ‘थँक्यू सर’ लिहितो. तेही डिलीट.

पोरगा काल्पनिक आहे, नियम मात्र खरे. घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारता ‘काम बोला’ म्हणणं आपल्याकडं उद्धटपणा समजतात. तिथं तीच शिस्त होती. ती कुठून आली, यासाठी थोडं मागं जाऊ.

प्रोग्रॅमर लोकांना गप्पांचं वावडं कधीच नव्हतं. उलट रोज आपण जो स्मायली टाकतो, तो त्यांच्याच टवाळकीतून आलाय. 1982 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटरवाल्यांचा एक ऑनलाइन फलक होता. लिफ्ट एकदम खाली कोसळली तर आतल्या वस्तूंचं काय होईल, असल्या रिकामटेकड्या चर्चा तिथं चालायच्या. कुणीतरी गमतीत लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ते खरंच वाटलं! तेव्हा 19 सप्टेंबर 1982 ला स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की विनोद असेल तिथं कोलन, आडवी रेघ आणि कंस टाकत जा. कट्ट्यावर समोरच्याचा चेहरा दिसतो, स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून चेहराच टाइप करायचा.

त्याच काळात यूजनेट वाढत होतं. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांमधून सुरू झालेलं हे जाळं म्हणजे विषयवार शेकडो पार. सी भाषेचा वेगळा, युनिक्सचा वेगळा. तिथं भांडणं व्हायची, खेचाखेची व्हायची आणि त्यातच कुणीतरी फुकट शिकवूनही जायचं. दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवी पोरं यायची, महिनाभर गोंधळ घालायची आणि मग जुन्यांच्या संगतीनं रुळायची. 1993 नंतर मात्र घराघरांतून लोक येऊ लागले आणि लोंढा थांबेचना. जुन्यांनी वैतागून या काळाला नाव दिलं, ‘न संपणारा सप्टेंबर’. (आपल्याकडं सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएलकडून. म्हणजे आपण सगळेच त्या सप्टेंबरमधले!)

पुढं फोरम आले. तिथं तुमच्याच एररबद्दल चौदा पानांची चर्चा सापडायची, त्यात तेरा पानं भांडण आणि शेवटी विचारणाऱ्यानंच लिहिलेलं असायचं, ‘झालं, सुटलं’. कसं सुटलं, ते नाहीच. हे ज्यानं भोगलंय त्याला कळेल, की 15 सप्टेंबर 2008 ला जोएल स्पोल्स्की आणि जेफ अ‍ॅटवूड यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सगळ्यांसाठी उघडलं, तेव्हा लोक का खूश झाले. मळणी केल्यासारखं होतं ते. दाणे वर, फोलपट बाहेर. चांगल्या उत्तराला मतं द्या आणि गप्पा दुसरीकडं करा. मी या लोकांना दोष देणार नाही. कॉलेजपासून ऑफिसपर्यंत किती जणांची कामं त्या दाण्यांवर निघाली, हे आपलं आपल्याला माहीत आहे.

पण सुरुवातीला तिथंही फोलपट भरपूर होतं आणि मजा त्यातच होती. रेग्युलर एक्स्प्रेशननं एचटीएमएल कसं वाचायचं, असं 2009 साली कुणीतरी विचारलं. उत्तर देणारा एवढा पिसाळला की लिहिता लिहिता त्याची अक्षरंच वितळून स्क्रीनभर पसरायला लागली. ते उत्तर आजही आहे, कुणी हात लावू नये म्हणून कुलूप घालून ठेवलंय. दुसरा एक धागा होता, तुम्ही स्वतः बनवलेले प्रोग्रॅमिंगचे शब्द सांगा. त्यात ‘योडा कंडिशन’ होती, म्हणजे ‘एक्स जर 5 असेल’ असं न लिहिता स्टार वॉर्समधल्या योडासारखं उलटं, ‘5 जर एक्स असेल’. ‘पोकेमॉन एक्सेप्शन हँडलिंग’ होतं, म्हणजे काय चुकलंय ते न बघता सगळेच एरर एका जाळ्यात पकडणं. पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी हे केलंय.

हा धागा पुढं काढून टाकला गेला. आणि गंमत बघा, जुलै 2012 मध्ये त्यातले शब्द वाचवून स्वतःच्या ब्लॉगवर कुणी टाकले? जेफ अ‍ॅटवूड यांनीच! कंपनी सोडून त्यांना काही महिनेच झाले होते. कट्टा बांधणाऱ्यालाच कट्ट्यावरच्या गप्पा पिशवीत भरून घरी न्याव्या लागल्या.

गप्पांसाठी 2010 पासून वेगळ्या चॅट रूम होत्या. पण तिथं बोलायला 20 रेप्युटेशन लागायचं. म्हणजे जुने लोक आत हसतायत आणि आपला इंदापूरचा पोरगा काचेतून बघतोय.

इथं जरा आपल्या भागाकडं येऊ. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पाच वर्षं आधी, 2003 साली, आयआयटी मुंबईच्या लोकांनी ‘आक्वा’ नावाची प्रश्नोत्तरांची साइट काढली होती. शेतकऱ्यांसाठी, आणि मराठीतसुद्धा. सुरुवात पुणे जिल्ह्यातल्याच पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या साथीनं झाली आणि उत्तरं देणाऱ्यांत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ होते. म्हणजे आपल्या भाषेत ऑनलाइन प्रश्न विचारायचा आणि जाणत्या माणसानं उत्तर द्यायचं, हे बारामतीला नवं नव्हतं. प्रोग्रॅमरच्या वाट्याला तसं काही आलं नाही. स्टॅक ओव्हरफ्लोनं 2014 पासून पोर्तुगीज, जपानी, रशियन, स्पॅनिश आवृत्त्या काढल्या. मराठी सोडाच, हिंदीही नाही. त्यामुळं आपल्याकडच्या पोराला अडचण सीची आणि परीक्षा इंग्रजीची, अशी दुहेरी कसरत.

2014 च्या आसपास तिथं महिन्याला दोन लाखांच्या घरात नवे प्रश्न येत होते. 2025 पर्यंत हा आकडा घसरत घसरत अगदी सुरुवातीच्या महिन्यांइतका खाली आला. ‘चॅटजीपीटीनं खाल्लं’ असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. चॅटजीपीटी आलं 30 नोव्हेंबर 2022 ला, त्यानंतरची घसरण उभ्या कड्यासारखी आहे. पण उतार त्याच्या बऱ्याच आधी लागला होता, मधला 2020 च्या लॉकडाऊनमधला उसळीचा काळ सोडला तर. एप्रिल 2018 मध्ये कंपनीनंच जाहीर कबुली दिली होती, की आमच्याकडं नव्या माणसाचं स्वागत होत नाही.

जुने तरी का राहिले नाहीत? उत्तरं देणाऱ्याला कुणी पगार देत नव्हतं. तो बसायचा ओळखीच्या लोकांसाठी, टोमण्यांसाठी, कुणीतरी आपलं नाव घेईल म्हणून. जून 2023 मध्ये मॉडरेटर लोकांनी संप केला, कारण मशीननं लिहिलेली उत्तरं हटवण्यावर कंपनीनं बंधनं घातली होती. मे 2024 मध्ये कंपनीनं ओपनएआयशी करार केला, तेव्हा काहींनी रागानं स्वतःचीच जुनी उत्तरं पुसायला घेतली, आणि त्यांची खाती काही दिवसांसाठी बंद केली गेली. आमच्या फुकटच्या मेहनतीवर मशीन शिकलं, हा राग आहे आणि तो मला पटतो.

वेगळा मार्गही होता. पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स ग्रुपनं 2008 पासून उन्हाळ्यात आयआरसीवर वर्ग घेतले. आयआरसी म्हणजे 1988 साली फिनलंडमध्ये जन्मलेलं, निव्वळ अक्षरांचं चॅट. मंद नेटवरही चालणारं. वर्ग सुरू असताना शंका आली की उद्गारचिन्ह टाइप करायचं, म्हणजे हात वर. तास संपला की गप्पा. महानगराबाहेरच्या पोरांना तिथून ओपन सोर्सचा रस्ता सापडला.

आणि आपण? सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि कट्टा व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामवर गेला. बारामती असो की इंदापूर, कॉलेजच्या वर्गाचा ग्रुप असतोच. तिथं ‘भावा, हा एरर बघ ना’ चालतं, मराठीत चालतं, थँक्यू कुणी पुसत नाही. रात्री एक वाजता कुणीतरी स्क्रीनशॉटवर लाल गोल काढून चूक दाखवतो, आणि त्याच्याखाली दहा जण त्याची खेचतात. इथं आपला पोरगा आत आहे.

फक्त बॅच पास झाली की ग्रुप थंड पडतो, फोन बदलला की चॅट जातं, आणि पुढच्या वर्षीची मुलं तोच एरर नव्यानं शोधतात. फालमन यांचा स्मायलीचा तो मूळ संदेशही असाच हरवला होता. 2002 साली काही लोकांनी विद्यापीठाच्या जुन्या बॅकअप टेप धुंडाळून तो शोधून काढला, पाऱ्याच्या विनोदासकट. तुमच्या ग्रुपमधला रात्री एकचा तो लाल गोल कुठं सेव्ह आहे का, आज बघून ठेवा.