दिंडीची कुळकथा

1829 ते 1832 या काळात हिंगोलीच्या लष्करी छावणीत हरिसिंग नावाचा एक कापड व्यापारी होता. छावणीतले गोरे अधिकारी त्याच्याशी व्यवहार करत आणि त्याच्या शब्दावर विसंबत. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला आणि तो त्याला मिळाला. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी तसलाच माल घेऊन मुंबईहून निघाला आहे, हे हरिसिंगाला आधीच ठाऊक होतं. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत मारलं, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. हा प्रतिष्ठित दुकानदार ठगांच्या टोळीतला होता. मेडोज टेलरने 1839 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत कॅप्टन रेनॉल्ड्सच्या हवाल्याने ही हकिगत दिली आहे.

ठगांची सारी कला सोबत करण्यात होती. ते वाटसरूंना गाठत, आपणही त्याच गावी निघालो आहोत असं सांगत, दोन-चार मुक्काम बरोबर करत, एकत्र जेवत, गप्पा मारत. विश्वास बसला की नेमलेल्या जागी रुमालाने गळा आवळत. लांबच्या वाटेवर ऊन, नदीचा पूर आणि जनावरं यांचं भय असायचंच. पण आपल्याला वाट दाखवणारा आणि सोबत चालणारा माणूस कोण आहे, हे न कळण्याचं भय त्याहून मोठं होतं.

अनेक दिवसांच्या पायी प्रवासाला या भयातून सोडवणारी एक रीत मराठी मुलखात उभी राहिली. ती रीत म्हणजे आज आपण पाहतो ती दिंडी. तिच्याकडे भक्तीचा सोहळा म्हणून पाहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण हजारो माणसांना आठवडेच्या आठवडे, घाट चढवून आणि नद्या ओलांडून, ठरल्या दिवशी ठरल्या जागी सुखरूप नेण्याचं ते एक तंत्रही आहे.

पंढरपूरची पायी वारी जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या आणि तुकोबांच्या घराण्यांत ती त्यांच्या आधीपासून होती. हिंगोलीचं नातं तर थेट नामदेवांशी आहे. कयाधूच्या काठावरचं नर्सी हे परंपरेने नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं आणि औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, असं सांगितलं जातं. ज्ञानदेवांबरोबर त्यांनी केलेली तीर्थयात्रा आणि पुढे पंजाबात घुमानपर्यंतचा त्यांचा वावर परंपरेने जपला आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्या काळचे यात्रेकरू लहान संघांनी चालत. खांद्यावर पडशी आणि घोंगडी, पडशीत भाकरी-चटणी, आणि वाट माहीत असलेला एखादा जुना वारकरी पुढे. जो आजारी पडेल तो मागे राहायचा, जो चुकेल तो एकटा पडायचा.

1685 साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघत, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेऊन पुढे पंढरपूरला जात. त्यामुळे विखुरलेल्या संघांना एक मध्यबिंदू मिळाला. आज दिसणारी बारकाईची शिस्त मात्र नंतरची आहे आणि ती एका शिपाईगड्याने लावली.

सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. मिळवलेलं धन घेऊन ते गावाकडे निघाले. त्यांची कथा वारकरी अशी सांगतात: सातपुड्याच्या रानात त्यांना लुटारूंनी गाठलं, सोबत्यांसह गुहेत कोंडलं आणि तोंडाशी शिळा लावली. आत हैबतबाबांनी हरिपाठ सुरू ठेवला. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात शिळा हलली आणि सगळे सुटले. बाबा घरी न थांबता आळंदीला आले आणि तिथलेच झाले. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने घ्यावा. मला त्यातलं दुसरंच एक सत्य मोलाचं वाटतं. डोंगरातल्या वाटेवर असहाय होणं काय असतं, हे ज्याने भोगलं, त्यानेच पुढे लाखोंच्या वाटेची व्यवस्था लावली.

1832 च्या सुमारास हैबतबाबांनी आळंदीचा पालखीसोहळा स्वतंत्रपणे आखला. हिंगोलीत ठगांचा छडा लागत होता, तोच हा काळ. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि लवाजमा दिला. त्यांचे घोडे आजही अंकलीहून आळंदीला चालत येतात. फौजेची कूच कशी होते हे बाबांना ठाऊक होतं. पहाटे तीनदा कर्णा होतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे. पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या आणि बाकीच्या रथामागे. दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया. एका दिंडीचा माणूस दुसरीत घुसत नाही. म्हणून लाखाच्या गर्दीतही आपला माणूस कुठे असेल, हे घरच्यांना नेमकं सांगता येतं.

या रचनेची सगळ्यात मोठी देणगी मुक्कामाच्या समाजआरतीत दिसते. पालखी तळावर आली की दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावून ‘हो’ म्हणतो आणि क्षणात टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, म्हणणं ऐकतो, निवाडा होतो. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि त्यानंतरच आरती होते. सगळ्यात मागच्या दिंडीलाही आपली तक्रार ऐकून घ्यायला लावता येते, आणि तीही रोज.

दुसरी देणगी ओझ्याची. चालणारा आणि त्याचं ओझं यांची फारकत झाली. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रक आहेत. वारकरी दिंडीची भिशी भरतो, वळकटी ट्रकमध्ये टाकतो आणि मोकळ्या अंगाने चालतो. ट्रक पुढे जाऊन राहुट्या उभारतो, चुली पेटवतो. म्हणूनच सत्तरीची शेतकरीण दिवे घाट चढून जाते. तिसरी देणगी ओळखीची. दिंडी कोणत्या तरी फडाची असते, फडाला पिढ्यांची परंपरा असते, दिंडीप्रमुखाचं गाव आणि घर सगळ्यांना माहीत असतं. हरिसिंगाला जे साधलं ते इथे साधणं कठीण.

हीच रीत हिंगोली जिल्ह्यातूनही जाते. नर्सीहून नामदेवांची पालखी पंढरीला निघते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सेनगाव, जवळा बाजार असा मुक्काम करत परभणीकडे जाते. पुढे गंगाखेडला गोदावरी ओलांडून परळी, अंबाजोगाईच्या बालाघाट डोंगरात शिरते. त्या पालखीत सुमारे 700 वारकरी एका वेषात, रांगेने महिन्याहून अधिक काळ चालतात, आणि सोबत वैद्यकीय पथक असतं.

हिमालयातल्या ट्रेकिंगची कुळकथाही दिंडीच्या कुळकथेला समांतर आहे. गुरखा पलटणींत अधिकारी राहिलेल्या जिमी रॉबर्ट्सने 1964 साली काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था काढली आणि 1965 मध्ये तीन अमेरिकन स्त्रियांना पहिल्या ट्रेकला नेलं. सिरदाराच्या हाताखाली हमाल आणि स्वयंपाकी, मुक्कामाच्या जागी तंबू आणि गरम जेवण. गिर्यारोहणाच्या मोहिमांत रुळलेली ही व्यवस्था त्याने साध्या प्रवाशांसाठी खुली केली. हैबतबाबा आणि रॉबर्ट्स यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दोघेही फौजेतले होते, आणि फौजेची शिस्त दोघांनीही निःशस्त्र माणसांच्या उपयोगी आणली. रॉबर्ट्सची व्यवस्था डॉलर मोजणाऱ्या पाहुण्यांसाठी होती. हैबतबाबांची व्यवस्था सव्वाशेहून अधिक वर्षं आधीची, आणि ती कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारी होती.

आज सह्याद्रीत दर शनिवार-रविवारी शेकडो गट निघतात. पन्हाळा ते पावनखिंड, किंवा चार-पाच दिवसांच्या घाटवाटा. मोबाइलवर पैसे भरले की नाव नोंदलं जातं. नेणारा कोण, हे बऱ्याचदा बसमध्ये चढल्यावर कळतं. महाराष्ट्र शासनाने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीवर भर आहे. ते हवंच होतं. पण कागदावरच्या नोंदणीने विश्वास तयार होत नाही. हरिसिंगाकडेही परवाना होता.

अनेक दिवसांच्या डोंगरवाटेवर निघणाऱ्या प्रत्येकाने आयोजकाला आधी हे विचारावं: पुढे कोण, सगळ्यात मागे कोण, आणि ते दोघे ही वाट किती वेळा चालले आहेत? रोज मुक्कामाला माणसं मोजली जातात का? कुणी थकला, दुखावला किंवा घाबरला तर त्याचं म्हणणं कोण आणि कधी ऐकतं? दिंडीने या प्रश्नांची उत्तरं जवळपास दोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवली आहेत. ती समोरच्याकडून मिळेपर्यंत पैसे भरू नका, आणि आपल्या मुलांनाही पाठवू नका.