दुकानाच्या भिंती आणि मुंबईची चित्रकला

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईच्या काळा घोडा परिसरात हातात नकाशा घेतलेले पंधरा-वीस जणांचे घोळके हिंडताना दिसतात. पुढे एक वाटाड्या असतो. तो एका कलादालनातून दुसऱ्या कलादालनात, एका जुन्या इमारतीतून दुसऱ्या इमारतीत मंडळींना नेतो आणि चित्रे दाखवतो. १९९९ साली सुरू झालेला काळा घोडा कला महोत्सव आणि २०१२ पासून भरणारा कलादालनांचा सप्ताहान्त यांनी ही कलाभ्रमंती शहराच्या अंगवळणी पाडली आहे. ज्या काळ्या घोड्याच्या नावाने हे सारे चालते तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीच तेथून हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेऊन ठेवलेला आहे. २०१७ साली त्याच्या जागी जो घोडा आला त्याच्या पाठीवर स्वार नाही. नाव उरावे आणि वस्तू नाहीशी व्हावी, हा या परिसराचा स्वभावच दिसतो.

या भ्रमंतीत जो इतिहास सांगितला जातो तो साधारण असा असतो : जे. जे. कलाशाळा, बॉम्बे आर्ट सोसायटी, १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आणि मग जहांगीर कलादालन. वंशावळ सरळ आहे आणि खोटीही नाही. परंतु तीत एक कडी निसटलेली आहे. जहांगीर कलादालन उघडले १९५२ साली. ज्या चित्रकारांमुळे त्या काळाला महत्त्व आले ते त्याआधी दहा-बारा वर्षे चित्रे काढीत होते. त्या वर्षांत ती चित्रे टांगली कुठे जात होती? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण कलादालनांतून बाहेर पडतो आणि फ्रेमा विकणाऱ्या दुकानात, उपाहारगृहात, पुढे विमानाची तिकिटे देणाऱ्या कचेरीत जाऊन पोहोचतो.

बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली १८८८ साली. तिचे वार्षिक प्रदर्शन हा चित्रकारांचा मोठा आधार होता. पण ते वर्षातून एकदा, आणि परीक्षकांच्या चाळणीतून गेल्यानंतर. उरलेले वर्ष चित्रकाराने काय करावे? संस्थानिकांकडून व्यक्तिचित्रांची कामे मिळत, पण ज्याला व्यक्तिचित्रे काढायचीच नाहीत त्याला त्यांचा उपयोग नव्हता. चित्र आणि दुकान यांची ओळख मात्र फार जुनी होती. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हापासून त्याच्या लक्ष्मी-सरस्वती पेढीवरच्या गादीमागे जाऊन बसल्या होत्या. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे कॅलेंडरांतून आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून मराठी घरांत व दुकानांत पोहोचली. रंगीत चित्राची गोडी आमच्या आधीच्या दोन पिढ्यांना लागली ती याच वाटेने, हे मान्य करायला आमचे कलासमीक्षक अजूनही अनमान करतात. परंतु ते चित्र नव्या वर्षाबरोबर येई आणि वर्ष सरले की खाली उतरे. दुकानदार त्याचा धनी नव्हता, तो नुसता खिळ्याचा मालक होता.

१९४१ साली केकू गांधी या तरुण पारशी गृहस्थाने केमोल्ड नावाचा धंदा सुरू केला. धंदा चित्रांचा नव्हता, फ्रेमांचा होता. ‘केमिकल मोल्डिंग’ या दोन शब्दांतून ते नाव घडलेले होते. प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या शामळदास गांधी मार्गावर, त्यांचे दालन होते. आता फ्रेमेच्या दुकानाची एक अडचण असते. रिकामी फ्रेम दाखवून फ्रेम विकली जात नाही. तिच्यात काहीतरी भरावे लागते. सामान्य दुकानदार तेथे युरोपातील एखादे डोंगर-सरोवराचे छापील चित्र लावून मोकळा झाला असता. गांधी यांनी आरा, हेब्बार, हुसेन अशा मंडळींची चित्रे काचेमागे लावली. फ्रेम घ्यायला आलेले गिऱ्हाईक चित्र पाहू लागले. आमच्या मते मुंबईच्या आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात या काचेला जाहीरनाम्यांपेक्षा कमी मान देण्याचे कारण नाही. जाहीरनामे किती जणांनी वाचले असतील? काच मात्र रस्त्यावर होती, आणि तो रस्ता गिरगाव व काळबादेवी यांच्या सीमेवरचा होता.

या मंडळींत कृष्णाजी हौळाजी आरा यांची कहाणी आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. जन्म १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणी मुंबईला पळून आलेला हा मुलगा घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. जे. जे.च्या पायऱ्या विद्यार्थी म्हणून तो कधी चढला नाही. १९४४ साली त्याच्या मराठ्यांच्या युद्धावरील चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले, हे खरे. पण पारितोषिकाने पोट भरत नाही. आराच्या आरंभीच्या प्रदर्शनांचा उल्लेख निघतो तेव्हा ‘चेतना’ या उपाहारगृहाचे नाव येते.

सुधाकर दीक्षित यांनी काळा घोड्याजवळ १९४६ साली काढलेले ‘चेतना’ हे एक विलक्षण मिश्रण होते. तेथे शाकाहारी जेवण मिळे, पुस्तके मिळत, व्याख्याने होत आणि भिंतींवर चित्रे लागत. खेतवाडीत विड्यांचे दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने इंग्रजीत ग्रंथरूपाने आले ते १९७३ साली, आणि त्याचे प्रकाशकही हेच ‘चेतना’. जेवण, अध्यात्म आणि चित्रकला यांना एकाच छपराखाली नांदवण्याची ही कल्पना आज कुणी मांडली तर तिला मोठमोठी नावे दिली जातील. तेव्हा ती एका उपाहारगृहाची रोजची रीत होती. जेवायला आलेल्याने चित्र पाहिलेच पाहिजे अशी सक्ती नव्हती, पण पान वाढेपर्यंत नजर कुठेतरी ठेवावीच लागते.

विकत घेणारे कोण होते हेही पाहिले पाहिजे, कारण नुसत्या भिंतीने चित्रकार जगत नाही. नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून मुंबईत आलेल्या तिघांची नावे येथे ठळकपणे येतात : ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून कलासमीक्षा लिहिणारे रुडॉल्फ फॉन लायडेन, त्याच वृत्तसमूहात कलासंचालक असलेले वॉल्टर लँगहॅमर, आणि औषधांच्या धंद्यातले इमॅन्युएल श्लेझिंगर. १९४९ साली प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे पहिले प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरील सोसायटीच्या दालनात भरले. उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. ग्रुपातील सहा जणांपैकी हुसेन पंढरपूरचे, गाडे अमरावतीकडचे, सूझा गोव्याच्या साळगावचे. रझा नागपूरच्या कलाशाळेतून आलेले. एवढा मराठी मुलुखाशी संबंध असूनही त्यांच्या आरंभीच्या ग्राहकांत मराठी नाव शोधावे लागते. गिरगावातला कारकून रोज कचेरीला फोर्टात जात होता; अंतर फार तर दोन मैलांचे. पण रॅम्पार्ट रोवरच्या उपाहारगृहाचे दार ढकलायला लागणारा धीर त्याच्यापाशी नव्हता आणि बहुधा पैसेही नव्हते. तेव्हा दुकानाची भिंत सर्वांना खुली होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ती कलादालनापेक्षा अधिक खुली होती, इतकेच.

शिवाय दुकानाच्या भिंतीला स्वतःच्या अटी असतात. चित्र टेबलांच्या आणि कपाटांच्या वर मावले पाहिजे. ते पाहून गिऱ्हाईक बिथरता कामा नये. १९५४ साली अकबर पदमसी यांचे प्रेमी युगुलाचे चित्र जहांगीरमध्ये लागले तेव्हा पोलिसांनी ते काढायला सांगितले, पदमसींनी नकार दिला, खटला झाला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. असा खटला उपाहारगृहाच्या भिंतीवरून उभा राहणे अवघड होते. मालकाने आधीच विचार केलेला असतो. त्याला कायद्याची नव्हे, शेजारच्या टेबलाची काळजी असते. फुलदाण्या, निसर्गदृश्ये आणि कोळिणी यांची त्या काळात जी रेलचेल दिसते तिच्यामागे चित्रकारांची आवड आहेच; पण भिंतीच्या मालकाची आवडही आहे, आणि हा धागा आपल्या समीक्षेने फारसा हाती घेतलेला नाही. आराच्या फुलदाण्यांविषयी लिहिताना रंगांची धिटाई सगळे सांगतात. त्या फुलदाण्या कुठल्या खोलीत, किती उंचीवर, कुणाच्या डोक्यामागे टांगल्या जाणार होत्या हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

कोळिणींचा उल्लेख आला म्हणून बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेला गावच्या या चित्रकर्तीची चित्रे एअर इंडियाने १९५६ साली विकत घेतली आणि तेथून त्या कंपनीच्या संग्रहाला सुरुवात झाली. हेतू व्यापारी होता. जगभरच्या तिकीट-कचेऱ्यांत भारताची ओळख पटवणारे काहीतरी भिंतीवर हवे होते. तरुण चित्रकारांना पुष्कळदा पैशांऐवजी विमानाची तिकिटे दिली जात. आज हा व्यवहार कुणाला लबाडीचा वाटेल. परंतु ज्याला परदेशातली संग्रहालये पाहायची आहेत आणि ज्याच्या खिशात काहीच नाही त्याला ते तिकीट रोकडीपेक्षा मोलाचे होते. या अदलाबदलीतून उभा राहिलेला हजारो कलावस्तूंचा संग्रह पुढे कचेऱ्यांच्या भिंतींवरून उतरला, नरिमन पॉइंटच्या इमारतीत आला. २०२२ साली विमान कंपनी टाटांकडे गेली, संग्रह मात्र सरकारकडे राहिला. तिकिटासाठी रांगेत उभे राहून आपण कुणाचे चित्र पाहत आहोत, याची हजारो प्रवाशांना कल्पनाही नसेल.

१९६३ साल मुंबईच्या चित्रव्यवहाराला वळण देणारे ठरले. त्या वर्षी केमोल्डने जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर स्वतंत्र गॅलरी काढली आणि त्याच वर्षी काली पंडोल यांनी फ्लोरा फाउंटनजवळ आपली गॅलरी सुरू केली. फ्रेम बाजूला झाली आणि चित्र हाच विकायचा माल झाला. चित्रकाराच्या दृष्टीने ही प्रगती होती, यात शंका नाही. याच केमोल्ड गॅलरीत सत्तरच्या दशकाच्या मध्याला डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे लागली. ज्यांचा शोध घ्यायला भास्कर कुलकर्णी पाड्यांवर गेले त्या चित्रांची मूळ जागा झोपडीची शेणाने सारवलेली भिंत, आणि निमित्त लग्नाचे. लग्न झाले की त्या चित्राचे काम संपत असे. कागदावर उतरून, काचेत बसून ते शहरात आले तेव्हा प्रथमच ते टिकू लागले आणि त्याला कर्त्याचे नाव मिळाले. कॅलेंडरातल्या लक्ष्मीला जे सहसा मिळाले नव्हते ते वारल्यांच्या पालघाट देवीला मिळाले, हा योगायोग आम्हांला विचार करण्याजोगा वाटतो.

उपाहारगृहाचे आणि चित्राचे नाते मात्र एकदम तुटले नाही. १९६४ साली उषा खन्ना यांनी जहांगीरच्याच बाजूच्या लांबट, अरुंद जागेत ‘समोवार’ सुरू केले. प्रदर्शन लागलेला चित्रकार तेथे ग्राहकाची वाट पाहत बसे. ज्याचे लागलेले नसे तोही बसे. समोरच्या ‘वेसाइड इन’च्या टेबलावर अरुण कोलटकर बसत. जे. जे.त शिकलेला आणि जाहिरातसंस्थांत चित्रकार म्हणून पोट भरणारा हा कवी तेथून रस्त्यावरची माणसे न्याहाळत होता. २००४ साली आलेल्या ‘काला घोडा पोएम्स’मध्ये ती माणसे आहेत. ‘वेसाइड इन’ गेले. ‘समोवार’ ३१ मार्च २०१५ रोजी बंद झाले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१६ अखेर, कोपऱ्यावरचे ‘ऱ्हिदम हाउस’ हे गाण्यांचे दुकान बंद झाले. ज्या परिसराची शान वाढावी म्हणून १९९८ साली संघटना उभी राहिली आणि महोत्सव सुरू झाला, त्याच परिसरात, कुठलेही निमित्त न सांगता शिरावे आणि चार घटका बसावे अशा जागा एकेक करून मिटत गेल्या.

केमोल्डने २००७ साली जहांगीर सोडले आणि प्रेस्कॉट रोडवरच्या क्वीन्स मॅन्शनमध्ये तिसऱ्या मजल्यावर बस्तान बसवले. प्रिन्सेस स्ट्रीटवर रस्त्याच्या पातळीला काच, मग जहांगीरचा पहिला मजला, मग तिसरा. जागा प्रशस्त, भिंती उंच. मोठ्या आकाराच्या कामांना अशा भिंती लागतातच. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला वर काय लागले आहे ते दिसत नाही. वर्गातल्या मुलांना तेथे घेऊन जायचे ठरवले की पहिला प्रश्न येतो, ‘सर, आत सोडतात का?’ सोडतात, आणि पैसेही घेत नाहीत. तरी तो प्रश्न दर वर्षी नव्याने येतो. वाटाड्याबरोबरची भ्रमंती लोकांना हवी असते ती काही अंशी यासाठीच. वीस जणांत मिसळून दार ढकलणे सोपे जाते.

जहांगीरच्या आतल्या भिंतीसाठी चित्रकारांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. बाहेरच्या पदपथावर मात्र काही जण आपली चित्रे ओळीने मांडून बसतात. तेथे गणपती असतात, पावसातली मुंबई असते, घोडे असतात, आणि समोर बसवून पेन्सिलीने चेहरा काढून देणारेही असतात. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की चर्चगेटकडे निघालेली माणसे तेथे क्षणभर थांबतात, भाव विचारतात आणि बहुतेक जण पुढे जातात. पावसाची सर आली की प्लास्टिकचे कापड ओढून घेतले जाते. त्यातूनही रंग दिसत राहतात.