आंगणापर्यंत गेलेली बालवाडी

महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाचा व अनाथसेवेचा इतिहास आमच्या वाचकांस पुष्कळसा परिचित आहे. १८९६ सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० सालीं तो हिंगण्याच्या माळावर नेला. त्याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळांत, पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत हिंडल्या व तेथील निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुढें १९०९ सालीं रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यांत सेवासदनाचें काम सुरू झालें. हीं नांवें आपल्या घराघरांत आदरानें घेतलीं जातात, व तें योग्यच आहे. परंतु या सर्व संस्थांत एक गोष्ट समान होती. संस्था एके ठिकाणीं उभी, आणि जिला आधार हवा तिनें आपलें गांव मागें टाकून तिच्या दारापर्यंत यावयाचें. विधवेला सासर आणि माहेर हीं दोन्हीं दारें बंद झालेलीं असत. तिच्या बाबतींत याहून दुसरा मार्ग नव्हताच. पण जिला घर आहे, नवरा आहे, चार लेंकरें आहेत, आणि जी पहांटे रानांत गेली म्हणजे दिवेलागणीस परतते, त्या खेड्यांतल्या बाईनें कोणत्या आश्रमांत जावें? आणि तिच्या मागें झोंपडींत राहिलेल्या तीन वर्षांच्या पोरानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? या प्रश्नाला उत्तर शोधण्याचा जो एक चिकाटीचा प्रयत्न १९४५ सालीं बोर्डी येथें आरंभिला गेला, त्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

बोर्डी हें गांव त्या वेळच्या ठाणें जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोंकास, समुद्राच्या कांठीं आहे. २०१४ सालापासून हा भाग पालघर जिल्ह्यांत मोडतो. किनाऱ्यालगत चिकूच्या व नारळीच्या बागा, पारशी व इतर बागायतदारांचीं घरें, आणि तेथून पूर्वेस वळलें कीं डोंगर, गवताळ राने व वारल्यांचे विखुरलेले पाडे. या गांवीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, तेव्हां त्यांचें वय ५३ वर्षांचें होतें. ज्या वयांत आपल्याकडे कर्तीं माणसें सुनानातवंडांच्या गोष्टी बोलूं लागतात, त्या वयांत ही बाई आपलें मुंबईतलें सुस्थिर काम सोडून खेड्यांत गेली.

ताराबाईंचा पूर्वेतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण त्यावांचून बोर्डीचा अर्थ लागत नाहीं. त्यांचा जन्म १८९२ चा, व त्या १९१४ च्या पदवीधर. पतीपासून विभक्त झाल्यावर राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचें प्रमुखपद त्यांजकडे आलें. मानाची व पगाराची ती जागा सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गेल्या. गिजुभाईंनीं १९२० सालीं तेथें बालमंदिर काढलें होतें व माँटेसरीबाईंच्या पद्धतीला गुजराती वळण देण्याचा उद्योग चालविला होता. दोघांनीं मिळून १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढें ताराबाई मुंबईस आल्या व १९३६ सालीं दादरला शिशुविहार निघाला. त्यांची ‘शिक्षणपत्रिका’ मध्यमवर्गांतील आईबाप वाचूं लागले. मुलाला मारूं नये, त्याला भीति घालूं नये, हा विचार मराठी घरांत शिरविण्यांत तिचा वांटा मोठा आहे.

एवढें होऊनहि बालशिक्षण शहरांतील सुखवस्तु माणसांच्या मुलांपुरतेंच राहिलें होतें. यांत एक गंमत आहे. माँटेसरीबाईंचें पहिलें बालगृह १९०७ सालीं रोममध्यें उघडलें तें सान लोरेंझो नांवाच्या गरीब मजुरांच्या वस्तींत. आईबाप कामावर गेल्यावर जीं मुलें जिन्यांत दंगा करीत व भिंती खराब करीत, त्यांच्यासाठीं ती सोय होती. तीच पद्धति हिंदुस्थानांत येईपर्यंत तिला गुळगुळीत लांकडी ठोकळे, रंगीत पट्ट्या, मण्यांच्या माळा असा खर्चिक साज चढला, आणि मजुरांच्या मुलांची शाळा शेठ लोकांच्या मुलांची झाली. हा साज उतरवून ती पुन्हां मजुराच्या मुलापाशीं न्यावयाची, असें काम बोर्डीस व्हावयाचें होतें. महात्माजींनीं १९४५ च्या आरंभीं सेवाग्राम येथें नई तालीमचें क्षेत्र वाढवून पूर्वबुनियादी वयाचाहि समावेश तींत केला होता. तो विचारहि या कामामागें होता.

ताराबाईंस जोडीला एक बाई लाभल्या. अनुताई वाघ या त्यांहून १८ वर्षांनीं लहान. १९१० सालीं मोरगांवीं जन्मलेल्या. तेराव्या वर्षीं लग्न, व सहा महिन्यांच्या आंत वैधव्य. पुढें शिकून त्या शिक्षिका झाल्या, पण मॅट्रिकची परीक्षा त्यांनीं नोकरी करतां करतां रात्रीच्या शाळेंत जाऊन १९३७ सालीं दिली. कस्तुरबांच्या स्मारकनिधींतून खेड्यांतील स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं काम करणाऱ्या सेविकांचें जें शिबिर १९४५ सालीं बोरिवलीस भरलें, त्यांत त्या होत्या. तेथें ताराबाईंशीं गांठ पडली आणि अनुताई बोर्डीस आल्या. त्या ज्या आल्या त्या १९९२ सालीं देह ठेवीपर्यंत, म्हणजे ४७ वर्षें, त्या मुलुखांतून परतल्या नाहींत.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. बोर्डीस बालवाडी उघडली. पण बालवाडी उघडल्यानें मुलें येत नाहींत. हरिजन वस्तींतील मुलें तर येईनातच. येथें एखाद्या सुशिक्षितानें असें म्हटलें असतें कीं, आम्हीं दार उघडें ठेवलें आहे, त्यांना गरज नाहीं त्याला आम्ही काय करणार? दानधर्माच्या इतिहासांत हें वाक्य किती वेळां उच्चारलें गेलें असेल! परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गांवांतल्या दारांपुढें उभें राहूं दिलें नव्हतें, त्यांनीं एक दार उघडलें म्हणून लगबगीनें आंत शिरावें, ही अपेक्षाच मुळांत आंधळेपणाची आहे. ताराबाई-अनुताईंनीं मुलांची वाट पाहिली नाहीं. वस्तींतल्या एका आंगणांतच त्यांनीं बालवाडी भरविली. गांवची ती मध्यवर्ती बालवाडी, आणि ही आंगण-बालवाडी. वेळ थोडा, साहित्य थोडें, पण आई झाडलोट करतांकरतां पाहूं शकेल, आजी उंबऱ्यांत बसून दोष काढूं शकेल, अशा जागीं. आमच्या मतें या आजीचा मोठाच उपयोग होता. शहरांतल्या शाळेंत काय चालतें तें पालकास दिसत नाहीं. येथें सारेंच उघड्यावर, म्हणून संशयाला जागा उरेना.

साधनांचा प्रश्नहि आंगणानेंच सोडविला. मणी नाहींत तर गुंजा आणि चिंचोके, ठोकळे नाहींत तर समुद्रकांठचे शंख-शिंपले, गारगोट्या, काटक्या, निरनिराळ्या आकारांचीं पानें, रंगाऐवजीं माती. लहानमोठें, जडहलकें, खरखरीत-गुळगुळीत हें सारें मुलाला शिकावयाचेंच, पण तें त्याच्या पायांखालच्या वस्तूंवरून. शिवाय नखें काढणें, नाकडोळे पुसणें, आंघोळ, गाणें, नाच, गोष्ट. वाचावयास हें सर्व फार सोपें वाटतें. विद्वत्तेनें लिहिलेल्या ग्रंथांतून हें साधेपण उचलून काढण्यास ताराबाईंसारखी, ग्रंथ पचविलेली बाईच लागली. अर्धवट शिकलेल्या माणसाला साधन टाकून देण्याचें धैर्य होत नाहीं.

१९५७ सालीं हें काम बोर्डीहून आंत, कोसबाडच्या टेकडीवर गेलें. येथें भोंवतालीं वारली पाडे. आणि येथें प्रश्न अधिक बिकट झाला. वारल्यांच्या घरांत मोठीं माणसें कामावर गेलीं म्हणजे सात-आठ वर्षांची मुलगीच त्या घराची कारभारीण. तिच्या कडेवर तान्हें भावंड असे. ती शाळेंत कशी येणार? कोसबाडला यावर जी तोड निघाली ती, आम्हांस वाटतें, मोठमोठ्या समित्यांच्या अहवालांहून शहाणपणाची आहे. मुलीला सांगितलें, भावंडासकट ये. ‘विकासवाडी’ म्हणून जी रचना तेथें झाली तींत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागीं ठेवलीं. तान्हें पाळण्यांत, मधलें बालवाडींत, आणि थोरली शेजारीं पाटीवर अक्षर काढीत बसलेली. मुलीच्या शिक्षणाआड येतें तें तिचें अज्ञान नव्हे, तिच्या कडेवरचें मूल आहे, ही गोष्ट लक्षांत येण्यास कोणाच्या तरी आंगणांत बरेच दिवस बसावें लागतें.

मुलग्यांचें दुसरेंच. तीं ढोरें घेऊन रानांत जात. त्यांच्यासाठीं कुरणशाळा निघाली. म्हणजे ढोरें जेथें चरतात तेथें शिक्षकानें जावयाचें. आश्रमाकडे मुलीनें यावें, यापासून कुरणाकडे शाळेनें जावें, येथपर्यंत आपल्या समाजसेवेचा प्रवास अवघ्या साठ वर्षांत झाला. पण त्याची नोंद इतिहासकारांनीं म्हणावी तशी घेतलेली नाहीं.

येथें एक आक्षेप आम्हांस टाळतां येत नाहीं. ज्या १९४५ सालीं बोर्डीस शिंपल्यांवरून अंक शिकविण्यास आरंभ झाला, त्याच सालीं त्याच मुलुखांत शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या झेंड्याखालीं वारली उठला होता. लग्नासाठीं काढलेल्या चार पैशांच्या कर्जापायीं नवराबायको दोघेंहि सावकाराच्या घरीं जन्मभर राबत. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. ही गुलामगिरी आणि वेठ मोडण्यासाठीं तो उठाव होता, आणि त्यांत माणसें गोळीबारांत मेलीं. गोदावरीबाईंनीं ही कथा ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत सांगितली आहे. तेव्हां कोणी विचारील कीं, बाप लग्नगडी असतां त्याच्या पोराला गाणें शिकवून काय होणार? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं. बालवाडीनें वेठ मोडली नाहीं. ती मोडली वारल्यांनीं स्वतः, संघटित होऊन. परंतु वेठ मोडल्यानंतरहि मजुरीस जाणाऱ्या आईच्या मागें मूल एकटें राहतच होतें, आणि त्या मुलाकडे पाहण्यास कोणत्याहि सभेपाशीं माणूस नव्हतें. दोन्हीं कामें एकमेकांच्या शेजारीं, बहुधा एकमेकांविषयीं थोडा संशय बाळगून, चाललीं. एकानें दुसऱ्याची जागा घेतली असती असें आम्ही मानीत नाहीं. आणि धर्मादाय कामाचे जे पुरस्कर्ते पहिल्या कामाचें नांवहि घेत नाहींत, त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं.

सरकारनें ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण दिलें. त्या १९७३ त वारल्या. पुढलें काम अनुताईंनीं एकहातीं ओढलें. त्यांचें ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हें आत्मकथन ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें. त्यांना १९८५ सालीं पद्मश्री मिळाली.

दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्रसरकारनें ३३ प्रायोगिक प्रकल्पांनीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली व तिच्या केंद्रांस नांव दिलें ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या आंगणांतला शब्द असा सबंध देशाचा झाला. आज अशीं केंद्रें १३ ते १४ लाखांच्या घरांत आहेत. सहा वर्षांच्या आंतील मुलें, गर्भवती व स्तनदा माता यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आणि मुलांना शाळापूर्व शिक्षण, अशीं कामें तेथें होतात. यांत आहाराचें महत्त्व मोठें आहे हें खरें. उपाशी मुलाला चिंचोके मोजावयास लावण्यांत अर्थ नाहीं. तथापि अंगणवाडी म्हणजे खिचडीचें ठिकाण, अशी जी समजूत ठिकठिकाणीं रूढ झाली, तींत बोर्डीचा अर्धा जीव निसटून गेला. वजनाची नोंद वहींत होते. गोष्ट सांगितली कीं नाहीं याला रकाना नसतो.

आणखी एक वारसा या केंद्रांकडे आला, तो तितकासा सुखाचा नाहीं. ताराबाई व अनुताई यांनीं आपलें सर्वस्व या कामास दिलें, तें स्वेच्छेनें. त्यांच्या त्यागाचा हा पायंडा योजनेनें पगाराच्या हिशोबांत धरला असें दिसतें. अंगणवाडींत काम करणाऱ्या सेविका व मदतनीस यांस वेतन म्हणून नव्हे, ‘मानधन’ म्हणून रक्कम मिळत आली; जणूं त्या हौसेनें आल्या आहेत. गुजराथेंतील दाहोद जिल्ह्यांतील अशाच बायकांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हें मानधन आहे, वेतन नव्हे, म्हणून १९७२ चा उपदान कायदा यांना लागूं पडत नाहीं, अशी सरकारपक्षाची भूमिका होती. न्यायालयानें ती मानली नाहीं, व २५ एप्रिल २०२२ रोजीं सेविका आणि मदतनीस या दोघींनाहि उपदानाचा हक्क आहे असा निकाल दिला.