एक पत्ता, अनेक संगणक: तीस वर्षे टिकलेला तात्पुरता उपाय

रायपूरच्या समता कॉलोनीतील घर असो वा पुण्याच्या कोथरूडमधील, आज चित्र सारखेच दिसते. बाहेरून इंटरनेटची एकच जोडणी येते आणि तिच्यावर दोन संगणक, चार मोबाइल व एखादा टीव्ही चालतो. ही सोय आता अंगवळणी पडली आहे. पण तिचा जन्म टंचाईतून झाला.

भारतात पहिली टंचाई जोडणीचीच होती. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पातील संस्थांना परदेशाशी जोडणारे द्वार मुंबईत, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होते. १९९२ मध्ये तेथून अमेरिकेला जाणाऱ्या दुव्याची क्षमता सेकंदाला अवघी ६४ किलोबिट होती. देशभरातील संशोधक ती वाटून घेत. मात्र त्या जाळ्यातील प्रत्येक संगणकाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकत असे. जोडणी सामाईक होती, ओळख स्वतंत्र होती.

दुसरी टंचाई पत्त्यांची. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या आयपी नियमावलीत पत्ता ३२ बिटांचा ठरला. म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. संगणक ही संस्थांची वस्तू असताना ही संख्या अपुरी वाटण्याचे कारण नव्हते. दशकभरातच ती अपुरी पडणार हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता-भाषांतराची, म्हणजेच ‘नॅट’ची, पद्धत मांडली. दीर्घकालीन उत्तर सापडेपर्यंतचा हा उपाय आहे, असे त्यांनीच नमूद केले होते.

पद्धत साधी आहे. घरातील संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते मिळतात. तेच पत्ते शेजारच्या घरातही चालतात. संगणकाने बाहेर संदेश पाठवला की राउटर त्यावरील खासगी पत्ता पुसून स्वतःचा पत्ता लिहितो, एक पोर्ट क्रमांक नेमतो आणि ही नोंद तक्त्यात ठेवतो. उत्तर आले की त्या क्रमांकावरून तो योग्य संगणक ओळखतो. १९९९ च्या ‘विंडोज ९८’च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आली आणि घरातील एखादा संगणकच इतरांसाठी राउटरचे काम करू लागला.

या तक्त्यातच उपायाची किंमतही दडली आहे. आतून मागणी गेली असेल तरच नोंद असते. बाहेरून कोणी आपणहून आले, तर ते कोणाकडे द्यायचे हे राउटरला कळत नाही आणि तो संदेश टाकून देतो. दोन्ही टोके समान, ही इंटरनेटची मूळ कल्पना होती. ‘नॅट’मुळे घर मुख्यतः मागणारे टोक झाले.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील पत्त्यांचे अखेरचे गट वाटले गेले. आशिया-पॅसिफिक विभागाचा खुला साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपला. मग सेवा पुरवठादारांनी भाषांतराचा आणखी एक थर चढवला आणि अनेक घरे एकाच पत्त्यामागे गेली. तेव्हापासून केवळ पत्त्यावरून घर शोधणे शक्य राहिले नाही. तपासयंत्रणेला पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळही लागते. घरच्या हवामान-संवेदकाची आकडेवारी थेट जगाला देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याचीही वाट येथे अडते.

दीर्घकालीन उत्तर १९९५ मध्येच लिहिले गेले होते: १२८ बिटांचे आयपीव्ही६. २०१६ नंतरच्या मोबाइल इंटरनेटच्या प्रसाराने भारत त्याच्या वापरात अग्रगण्य देशांत आला. तरीही जुना थर हटलेला नाही. राउटरच्या पानावरील बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर ते घर आजही दुहेरी भाषांतरामागे आहे.