देव न मानणाऱ्याचे श्रद्धाळू वाचक

गोपाळ गणेश आगरकरांना निरीश्वरवादी म्हणावे की अज्ञेयवादी, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. पुण्यातील सनातन्यांनी तो केव्हाच निकालात काढला होता. त्यांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तथापि त्यांच्या राजकीय लेखनाची कदर करणाऱ्यांत देवभक्त माणसे पुष्कळ आढळतात.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर लिहिले. त्यावरून अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला, तेव्हा आगरकर-टिळकांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला रामशेठ उरवणे यांनी. उरवणे हे जोतीराव फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक समाजाचे. म्हणजे एका निर्मिकावर भरवसा ठेवणारे. १८८२ साली दोघे संपादक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. आगरकरांची नास्तिकता तोवर उघड गाजू लागली नव्हती, हे खरे. पण पेठेतल्या ब्राह्मण संपादकांसाठी सत्यशोधकाने थैली मोकळी करावी, हेही काही लहान नव्हे.

खरी कसोटी १८८८ नंतर लागली. ‘केसरी’ सोडून आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि मूर्तिपूजा, श्राद्ध, सोवळे, बालविवाह यांवर आसूड उगारला. त्याच लेखणीने ते देशाच्या दारिद्र्यावर आणि परक्या राज्यकर्त्यांवरही लिहीत. ‘गुलामांचे राष्ट्र’ हे त्यांच्या एका निबंधाचे नावच पाहावे. रूढीपुढे मान तुकवणारा माणूस सरकारपुढे ताठ कसा उभा राहील, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. देव मानणाऱ्यालाही हा प्रश्न टाळता येत नसे. माझ्या मते त्यांच्या लेखनाचे बळ इथेच आहे: युक्तिवाद पटण्यासाठी आधी त्यांची नास्तिकता पटण्याची अट नव्हती.

जमखंडीच्या विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण सीमाभागातील वाचकांना जवळचे वाटेल. घर वारकरी, वडील रामजीबुवा पंढरीचे भक्त. मुलगा १८९३ साली फर्ग्युसनात गेला तेव्हा आगरकर तेथे प्राचार्य होते. मिल, स्पेन्सर आणि ‘सुधारक’ यांच्या वाचनाने शिंद्यांच्या जुन्या समजुती हादरल्या. पुढे ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले, ईश्वरावरील निष्ठा त्यांनी सोडली नाही. पण १९०६ साली अस्पृश्योद्धारासाठी जे मंडळ उभारले, त्यामागच्या निर्भीडपणात आगरकरांचा वाटा मानावाच लागतो. ज्या प्रार्थना समाजाच्या ईश्वरवादाची आगरकरांनी कठोर चिकित्सा केली, त्याच समाजाच्या व्यासपीठावर त्यांचा हा वाचक उभा होता!

आणि टिळक? १८९१ च्या संमतिवयाच्या वादात दोघांनी एकमेकांवर जे लिहिले, ते आजही वाचवत नाही. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, अवघ्या ३८ व्या वर्षी. ‘केसरी’तील मृत्युलेख गीतेच्या त्या उपासकानेच लिहिला.