जुन्या जालन्यातला गारवा आणि सी-तार

घरातलं तापमान आपोआप सांभाळणारा स्मार्ट थर्मोस्टॅट जुन्या जालन्यात बसत नाही, तेव्हा दोष इथल्या वायरिंगला दिला जातो. खरं कारण त्या यंत्राच्या जन्मात आहे. अमेरिकेत वॉरन जॉन्सन यांनी 1883 मध्ये विद्युत थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. तो कडाक्याच्या थंडीतल्या इमारतींसाठी होता, जिथे उष्णता एका ठिकाणी तयार होऊन सगळ्या खोल्यांत जाते. पुढे अशा घरांच्या भिंतींतून 24 व्होल्टच्या बारीक तारा खेळवल्या गेल्या. जुन्या थर्मोस्टॅटला फक्त चालू-बंद करायचं असल्याने स्वतःसाठी वीज लागत नसे. 2011 मध्ये नेस्ट हा स्मार्ट थर्मोस्टॅट बाजारात आला आणि स्क्रीन, वायफाय यांसाठी सतत विजेची गरज पडू लागली. ती पुरवणारी 'सी' तार तिथल्याही अनेक जुन्या घरांत नव्हती.

कुंडलिकेकाठच्या या भागात प्रश्न गरम करण्याचा नव्हताच. मराठवाड्यातल्या जुन्या वस्त्यांप्रमाणे इथेही जाड भिंती आणि माळवद ऊन थोपवत. तुळयांवरच्या मातीच्या थरातून उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई. पुढे वाळ्याच्या ताट्या आणि मग कूलर आले. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होऊन गारवा मिळतो, म्हणून कूलरला खिडकी उघडी लागते. घरभर गारवा वाटणारी मध्यवर्ती यंत्रणा इथे कधी लागलीच नाही. मग तिला हुकूम देणारी तार कुठून असणार?

यावर कोणी म्हणेल, माळवदं गळत, दरवर्षी माती टाकावी लागे. आता स्लॅब आणि एसी आहेत, जुनं कशाला उगाळायचं? माळवदाकडे परतायचा आग्रह नाहीच. पण स्प्लिट एसीतही तापमान मोजण्याची सोय यंत्राच्या आतच असते आणि ते 230 व्होल्टवर चालतं. 24 व्होल्टचा थर्मोस्टॅट त्या विजेला जोडणं म्हणजे तो जाळणं, कदाचित आगही लावणं. रिमोटसारखे संकेत पाठवणारं उपकरण मात्र इथे चालू शकतं. त्यासाठी तारांऐवजी एसीचं मॉडेल तपासावं लागतं. 2020 पासून स्टार-मानांकित एसी सुरुवातीला 24 अंशांवरच लावलेले असतात, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं असतं. तेव्हा स्मार्ट यंत्रावर पैसे घालण्याआधी जुन्या घरातलं अर्थिंग आणि एसीसाठीची स्वतंत्र लाइन जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या.