टाक्यापासून पट्टीपर्यंत
खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना पोटातला दाब वाढून स्त्रीची लघवी नकळत निसटते, या व्याधीवर अमेरिकेतील हॉवर्ड केली यांनी १९१३-१४ च्या सुमारास मूत्राशयाच्या तोंडालगतच्या सैल ऊतींना टाके घालण्याची पद्धत मांडली. पुढे १९४९ मध्ये मार्शल, मार्चेटी व क्रांत्झ यांनी त्या ऊती जघनास्थीला, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढील हाडाला, टाचल्या. १९६१ मध्ये जॉन बर्च यांनी त्याच भागातील कूपर बंधाचा, म्हणजे हाडालगतच्या चिवट तंतुपट्ट्याचा, अधिक भक्कम आधार घेतला, तरी पोट उघडणे टळले नाही. खरे वळण दिले ते स्वीडनमधील उल्फ उल्मस्टेन यांनी: १९९० च्या दशकात त्यांनी योनिमार्गातून पॉलिप्रॉपिलीनची जाळीदार पट्टी मूत्रमार्गाच्या मध्याखाली सैल बसवली, आणि केवळ जागा बधिर केलेली रुग्ण टेबलावरच खोकून दाखवी, तेव्हा पट्टीचा ताण ठरे. जाळीच्या गंभीर तक्रारींमुळे इंग्लंडने २०१८ मध्ये तिचा सर्रास वापर स्थगित केला.